खडकावर चढलेला कप्तान

किल्ला बघायची कल्पना बायकोची होती, आणि किल्ल्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिला नवऱ्याचे डोळे तपासायचे होते.

नवरा बंदरात पायलट होता. विमानाशी त्याचा संबंध नाही. बाहेरून आलेलं जहाज बंदराच्या तोंडाशी थांबतं. तिथवर होडीने जायचं, दोराच्या शिडीने वर चढायचं आणि परक्या कप्तानाच्या शेजारी उभं राहून, खडक आणि वाळूचे बांध चुकवत ते जहाज धक्क्याला आणून लावायचं, हे त्याचं काम. आजवर आपण आणलेल्या एकाही जहाजाचं बूड तळाला लागलं नाही, हे तो नव्या माणसाला ओळख झाल्यावर पाचव्या वाक्याच्या आत सांगायचा. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं.

गेल्या काही महिन्यांत मात्र त्याने शेजारणीच्या दोरीवर वाळत घातलेल्या गाऊनला "काय, बरं आहे ना?" असं विचारलं होतं. गालांना टूथपेस्ट लावून दाढी केली होती. खालच्या मजल्यावरच्या दाराला आपली किल्ली लावून, कुलूप बिघडल्याची तक्रार घेऊन तो वर आला होता. बायकोने डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की एकच उत्तर मिळायचं.

"डोळे ठीक आहेत. तू बल्ब कमी वॅटचे आणतेस."

बंदराची वार्षिक तपासणी व्हायची, पण तिचा उपयोग नव्हता. बंदराचा डॉक्टर त्याचा पत्त्यांतला जोडीदार. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता डॉक्टरच्या आधीपासून तिथे होता आणि पायलटला तो पाढ्यासारखा पाठ होता. डॉक्टर छडीने अक्षर दाखवायचा, छडी भिंतीवर कुठे वाजली त्यावरून पायलट ओळ ओळखायचा. दोघेही समाधानाने चहा प्यायचे.

आणि उद्या पहाटे त्याला गॅसचं जहाज आत आणायचं होतं. बायकोला जहाजांतलं काही कळत नव्हतं, पण गॅस कळत होता. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा नॉब दोनदा तपासल्याशिवाय ती झोपायची नाही. हा त्याच्या काही लाख पट मोठा सिलिंडर असणार, आणि तो आणणारा माणूस गाऊनशी बोलणारा.

म्हणून तिने धाकट्या भावाला बोलावून घेतलं. भाऊ परीक्षा मंडळातून निवृत्त झाला होता, भरारी पथकाचा प्रमुख म्हणून. पोरांच्या मोज्यांतून, पट्ट्यांतून, एकदा तर प्लास्टरमधल्या हातातून त्याने चिठ्ठ्या काढल्या होत्या. त्याला फसवणं शक्य नाही असं सगळे मानत, तो स्वतः सगळ्यांत जास्त.

"भाऊजींना कळता कामा नये," तो म्हणाला. "परीक्षा आहे हे कळलं की माणूस तयारी करतो."

"त्यांचा फोन मी काढून घेते," बायको म्हणाली. "कुणाला विचारायला नको."

मुलगी या कटात नव्हती, आईची काळजी तेवढी तिला माहीत होती. ती त्याच बंदराच्या कंट्रोल रूममध्ये रेडिओवर बसायची. कोणतं जहाज कुठे थांबेल, कधी निघेल, हे सांगायचं काम. रात्रपाळी करून ती थेट गाडीत येऊन बसली आणि मागच्या सीटवर आडवी झाली.

"आई, सरळ विचार ना त्यांना," बाबा गाडीत यायच्या आधी डोळे मिटूनच ती पुटपुटली होती.

"विचारलं. बल्ब बदलून झाले."

गाडी बायको चालवत होती. हल्ली तीच चालवायची, "तुमचं लक्ष सारखं समुद्राकडे जातं" या सबबीवर.

"पाण्याची बाटली द्या."

"पाण्याची बाटली देतो," पायलट म्हणाला आणि दिली.

हे त्या घरातलं नेहमीचं बोलणं. बंदराच्या रेडिओवर एक नियम आहे: सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. तोवर ती सांगितली असं धरत नाहीत. "ठीक आहे", "बघतो", "हो हो" चालत नाही. हा नियम पायलटबरोबर घरात आला आणि राहिला. लग्नाआधी ती त्याला म्हणाली होती, "मला तुम्ही पसंत आहात." त्यावर तो गंभीरपणे म्हणाला होता, "तुला मी पसंत आहे." तेव्हा तिला तो प्रेमळपणा वाटला होता.

किल्ला समुद्रात घुसलेल्या एका खडकाळ टोकावर होता. पोर्तुगीजांनी बांधलेला, जाड भिंतींचा, आणि आता तिकीट लावून दाखवण्याजोगा. दारात जुन्या वेशातला एक पहारेकरी भाला घेऊन ताठ उभा होता. डोक्यावर लोखंडी टोप, पायांत तंग विजार, वर फुगीर चड्डी. पायलट त्याच्यासमोर थांबला, त्याच्या छातीवरचं चिलखत टिचकीने वाजवून पाहिलं आणि गाल चाचपला.

"काम चांगलं केलंय. अगदी खरा वाटतो."

"धन्यवाद," पहारेकरी म्हणाला.

बायकोने भावाकडे पाहिलं. भावाने मान हलवली.

"हे धरता येणार नाही," तो कुजबुजला. "मलाही तो पुतळाच वाटला होता. संशयाचा फायदा."

"हात लावेपर्यंत?"

"माझा हात पुढे गेला होता, ताई."

आत चौकात एक दगडी खांब होता. डोक्यावर क्रूस, खाली झिजलेली अक्षरं. गाइडने माइक तोंडाला लावून पंधरावीस लोकांना गोळा केलं होतं. याच जागी, तो सांगत होता, एका थोर पोर्तुगीज दर्यावर्दीने पाऊल ठेवलं. दैवी वाऱ्याने त्याचं गलबत या अज्ञात किनाऱ्याकडे वळवलं. इथल्या सौंदर्याने मोहित होऊन कप्तानाने दोन महिने मुक्काम केला, हा खांब उभारला, आणि त्याच्या स्मरणार्थ पुढे हा किल्ला झाला.

"भाऊजी, खांबावर काय लिहिलंय हो?" मेव्हण्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. सहज विचारण्याचा त्याला सराव नव्हता. पेपर वाटल्यासारखं ते वाटलं.

"खोटं लिहिलंय," पायलट म्हणाला.

"हो, पण काय?"

"मोहित होऊन म्हणे! खडकावर चढला तो. या टोकाच्या पुढे पाण्याखाली खडक आहे. भरतीला दिसत नाही, ओहोटीला दिसतो, म्हणजे बघणाऱ्याला दिसतो. गलबताला भोक पडलं. दोन महिने काय, सुतार फळ्या ठोकत बसले होते. भोक बुजलं आणि गेला निघून. मुक्काम!"

"तुम्हाला कसं माहीत?"

"कारण मी रोज तो खडक चुकवतो. तिथे दुसऱ्या कशासाठी कुणी थांबत नाही. बरोबर इथला एक कोळी घेतला होता त्याने, वाट दाखवायला. तो ओरडत असणार, डावीकडे घ्या, डावीकडे घ्या. कप्तान म्हणाला असेल, मला दिसतंय."

एव्हाना गाइडचे निम्मे लोक पायलटकडे वळले होते. एका बाईने मागे सरकायला सांगून त्याचा फोटो काढला. गाइडने माइकचा आवाज वाढवला. खांबावर काय लिहिलंय हा प्रश्न राहूनच गेला. मेव्हण्याच्या ते लक्षात आलं तेव्हा मंडळी तटाच्या पायऱ्या चढत होती.

"हुशार विद्यार्थी अवघड प्रश्नाला बगल देतो," तो बहिणीला म्हणाला. "पण मीही कच्चा नाही. वर चला."

वर बुरुजावर तोफा होत्या, समुद्राकडे तोंड करून, आणि प्रत्येक तोफेच्या तोंडात कुणीतरी आइस्क्रीमचा कागद कोंबलेला होता. वारा समोरून येत होता. पायलटने नाक वर केलं.

"शेणाचा वास येतोय."

"किल्ल्यात घोडे असायचे," मेव्हणा म्हणाला.

"चारशे वर्षांपूर्वीचा वास?" बायको म्हणाली. "मग चांगलाच बांधलाय किल्ला."

समोर, दूर पाण्यात, एक जहाज नांगर टाकून उभं होतं. बंदरात जायला ज्याचा पहिला नंबर असेल ते जहाज तिथे, किल्ल्यासमोर थांबतं. मेव्हण्याने बहिणीला कोपराने ढोसलं. मुलगी तोफेला टेकून कॉफी पीत होती. त्या ढोसण्याकडे तिचं लक्ष गेलं, आणि हे काय चाललंय ते तिला समजलं.

"भाऊजी, ते जहाज कोणतं हो?"

पायलट कठड्याशी गेला. डोळे बारीक करून त्याने समुद्राकडे पाहिलं. घाई केली नाही.

"ते ना? उद्याचं माझं. गॅसचं." त्याने नाव सांगितलं. नाव लांबलचक होतं, त्यात कुठल्याशा राणीचा उल्लेख होता. "पाण्यात किती बसलंय बघ. पोटभर आहे. डेकवर पाइपांचं जाळं दिसतंय का? आडवं उभं? तो गॅसचा पसारा."

मेव्हण्याने पाहिलं. दूरवर आडवं उभं असं काहीतरी दिसत होतं.

"नाव इथून वाचता येतं तुम्हाला?"

"तुला येत नाही?" पायलटने काळजीने विचारलं. "डोळे दाखवून घे बाबा. वय झालं तुझं."

मेव्हण्याचा चेहरा उजळला. तो बहिणीला बाजूला घेऊन गेला. बाजूला म्हणजे चार पावलं, आणि त्याचा आवाज परीक्षागृहात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा.

"पास. विशेष प्रावीण्य. ताई, मला ते नाव दुर्बिणीशिवाय दिसणार नाही. माणूस घारीसारखा आहे. बल्बच बघ एकदा."

बायकोने डोळे मिटून श्वास सोडला. आठवडाभर ती नीट जेवली नव्हती. "खाली उपाहारगृह आहे," ती म्हणाली. "मी सगळ्यांना आइस्क्रीम देते." भावाला घेऊन ती उतरलीसुद्धा. पायऱ्यांवर ते दोघे हसत असल्याचं ऐकू येत होतं.

मुलगी गेली नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला उत्तर माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. मध्यरात्रीनंतर गॅसच्या जहाजाच्या यंत्रात बिघाड झाला होता. तिनेच त्याला रेडिओवरून मागे, पार नजरेआड, उभं राहायला सांगितलं होतं. दुरुस्ती होऊन उद्या पहाटे ते पुन्हा पहिल्या नंबरवर येणार होतं. तोवर पुढची जागा तिने दुसऱ्याला दिली होती.

"बाबा," ती म्हणाली, "ते गॅसचं जहाज नाही."

पायलटने वळून समुद्राकडे पाहिलं नाही. त्याने दोन्ही हात कठड्यावर ठेवले.

"मग कोणतं आहे?"

"तुम्ही सांगा."

वाऱ्याची झुळूक आली, तिच्यासोबत तो वास.

"गुरांचं," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं, तुझ्या मामाचे मोजे."

ती हसली नाही. खरं तर हसू आलं होतं. "मग गॅसचं नाव का सांगितलंत?"

"आज तिथे तेच असायला हवं होतं. परवा ड्यूटीवर होतो तेव्हा नंबर तसेच लागले होते. माझा फोन तुझ्या आईने पर्समध्ये कोंबलाय, नाहीतर बदल कळला असता." मग त्याच्या ध्यानात आलं. "म्हणजे ही सहल नव्हती?"

"परीक्षा होती."

"आणि परीक्षक तुझा मामा?"

"हो."

"तरीच खांबावर काय लिहिलंय विचारत होता. त्याला कधीपासून वाचायची आवड, म्हटलं."

"बाबा, तुम्हाला तिथे काय दिसतंय?"

या वेळी त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पांढरं," तो म्हणाला. "वर पांढरं. खाली जरा कमी पांढरं. मध्ये काहीतरी आहे, ते जहाज असावं असा माझा अंदाज. दुधाच्या पिशवीतून बघितल्यासारखं."

"मागच्या आठवड्यात धान्याचं जहाज आणलंत ते कसं?"

"पाणी बुडाखाली कमी झालं की जहाजाचा हादरा बदलतो. तो पायांना कळतो. वळणं पाठ आहेत. आणि सुकाणूवरच्या पोऱ्याला विचारायचं, पाण्यातला पुढचा खुणेचा बोया कोणत्या रंगाचा? तो म्हणतो, लाल. मी म्हणतो, शाब्बास, तुझं लक्ष आहे का बघत होतो."

मुलीने मनातल्या मनात आपल्या पाळ्या मोजल्या. त्या आठवड्यात रात्री रेडिओवर तीच होती. पायलट जहाजावर चढलेत, सगळं ठीक आहे, असं ती प्रत्येक वेळी नोंदवत होती.

"आणि उद्या?"

"उद्याही झालं असतं." मग जरा थांबून, "बहुतेक."

"गॅस आहे बाबा."

"मला कशाला सांगतेस? मला माहीत नाही गॅस आहे ते? वर्ष राहिलंय गं फक्त. बूड लागलं नाही कधी. एकदाही नाही. ऑफिसात खुर्चीवर बसवतील, येणाऱ्याजाणाऱ्याला टाचण्या देत. त्या टाचण्याही बघूनच द्याव्या लागतील."

खालून चौकातून गाइडचा आवाज वर येत होता. नवा घोळका आला होता. दैवी वारा पुन्हा सुटला होता.

"त्या कप्तानाला खडक दिसला नाही, आणि तसं म्हणवलं नाही," मुलगी म्हणाली. "त्यासाठी त्या लोकांना एवढा मोठा किल्ला बांधावा लागला. तुमच्यासाठी आम्ही काय बांधायचं?"

आयुष्यभर ज्या माणसाची पायलटने टिंगल केली होती, तो त्याच्या शेजारी फुगीर चड्डी घालून उभा राहिल्यासारखं त्याला झालं.

मुलीने कप तोफेवर ठेवला. ती बोलली तेव्हा आवाज घरातला नव्हता. रेडिओवरचा होता, सपाट, प्रत्येक शब्द सुटा.

"पायलट, कंट्रोल बोलतंय. उद्या पहाटे गॅसच्या जहाजावर दुसरा पायलट चढेल. तुम्ही किनाऱ्यावर."

पायलट समुद्राकडे वळला.

"पायलट, ऐकलंत?"

"वारा आहे. ऐकू आलं नाही."

"कान उत्तम आहेत तुमचे. पुन्हा सांगते. उद्या पहाटे गॅसच्या जहाजावर दुसरा पायलट चढेल. तुम्ही किनाऱ्यावर."

"बघतो मी ऑफिसला..."

"बघतो चालत नाही."

"हो गं, ठीक आहे."

"ठीक आहे चालत नाही. तुम्हीच शिकवलंय."

एक गलेलठ्ठ समुद्रपक्षी येऊन तोफेवर बसला, कॉफीच्या कपात डोकावला आणि उडून गेला. पायलट कठड्यावर बोटाने काहीतरी गिरवत होता. नंतर त्याने पाठ ताठ केली. दोराच्या शिडीवरून परक्या जहाजावर पाय ठेवताना तो असाच ताठ व्हायचा.

"उद्या पहाटे," तो म्हणाला, "गॅसच्या जहाजावर दुसरा पायलट चढेल." मग थांबला. "मी किनाऱ्यावर."

"बरोबर," मुलगी म्हणाली, आणि मग घरातल्या आवाजात, "ऑफिसला तुम्ही सांगताय की मी सांगू?"

"मी सांगतो. नंबर तू लाव. हल्ली बटणं फार बारीक करतात."

तिने आपल्या फोनवरून नंबर लावून दिला. तो दूर जाऊन बोलला. बोलणं लहान होतं. शेवटी पलीकडच्या माणसाने ते परत म्हणून दाखवलं असणार, कारण पायलट "बरोबर" म्हणाला.

उपाहारगृह दारूगोळ्याच्या जुन्या कोठारात होतं. भिंतीवर 'धूम्रपान निषिद्ध' अशी पाटी, तीनचारशे वर्षं उशिरा. बायकोने चार आइस्क्रीम आणून ठेवली होती, दोन वितळत आली होती.

"मी नापास झालो," पायलट खुर्ची चाचपून बसत म्हणाला.

बायकोचा चमचा हवेत राहिला. मेव्हणा मात्र दुखावला.

"असं कसं? मी स्वतः गुण दिलेत."

"ते गुरांचं जहाज आहे. मी कॉपी केली."

"कशातून?" मेव्हण्याने आपसूक त्याच्या मोज्यांकडे पाहिलं. "चिठ्ठी होती?"

"डोक्यातून. नंबर पाठ होते."

मेव्हणा विचारात पडला. सगळी नोकरी डोळ्यांसमोरून गेली असावी. "ते कॉपीत धरत नाहीत," तो शेवटी क्षीण आवाजात म्हणाला. "त्याला अभ्यास म्हणतात."

"उद्या मी जहाजावर जात नाही," पायलट बायकोला म्हणाला. "ऑफिसला कळवलंय. पोरीने कळवायला लावलं."

बायको मुलीकडे बघत राहिली. मग पर्स उघडून तिने त्याचा फोन त्याच्या हातात ठेवला.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे उद्या सकाळची वेळ घेतलीय," ती म्हणाली.

"आत्ता घेतलीस?"

"गेल्या आठवड्यात."

"मग ही परीक्षा कशाला?" मेव्हणा ओरडला. शेजारच्या टेबलावरचं बाळ दचकलं.

"पास झाले असते तरी नेणारच होते," बायको म्हणाली. "तुझ्या निकालावर मी गॅस सोडणार होते होय?" मग नवऱ्याकडे वळून, "उद्या सकाळी डोळ्यांचा डॉक्टर. गाडी मी चालवणार. बल्बचं नाव काढायचं नाही."

सगळे थांबले. पायलटने वितळलेल्या आइस्क्रीमचा एक चमचा शोधून तोंडात घातला.

"उद्या सकाळी डोळ्यांचा डॉक्टर," तो म्हणाला. "गाडी तू चालवणार." मग जरा वेळाने, "बल्बचं नाव काढायचं नाही."

बाहेर पडताना मेव्हणा सगळ्यांच्या पुढे होता. तो खांबाजवळ थांबून, नाक दगडाला लावून, अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होता. त्यालाही काही लागत नव्हतं. पायलट मुलीच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. ती हळूच "पायरी" म्हणायची, तो "पायरी" म्हणून उतरायचा. दाराशी पोचल्यावर तो थबकला. उन्हात भाला, टोप, काहीतरी उभं असल्याचं त्याला जाणवलं.

"माणूस की पुतळा?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

"माणूस."

"माणूस," पायलट म्हणाला, आणि त्या दिशेने मान झुकवून, "काय, बरं आहे ना?"

ड्यूटीवर असताना बोलायचं नाही असा पहारेकऱ्यांना नियम होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"बरं आहे," तो म्हणाला. "टोप तापतो फार."